बाजूला काढलेल्या फोटोंचं काय? एक गाजलेला पेपर पुन्हा वाचताना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर मांडला होता. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारा आजार संगणकाने फोटोवरून ओळखायचा, असा विषय. बावीस स्लाइड, आलेख, अल्गोरिदमची रचना, सगळं चोख. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो, तेवढ्यात गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "एकूण फोटो किती होते, आणि हिशेबात किती धरले?"

पहिला आकडा मला पाठ होता. दुसरा आकडा वेगळा असू शकतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

'पेपर वाचायचा कसा?' असं पेटची तयारी करणारी बरीच मुलं-मुली विचारतात. त्याचं उत्तर नियमांची यादी देऊन देता येत नाही असं माझं मत झालंय. म्हणून आज तोच पेपर घेऊन बसू, आणि त्याच्या मागोमाग आलेले तीन पेपरही बघू.

आधी आजार

मधुमेह बरीच वर्षं असला की दृष्टिपटलातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, झिरपायला लागतात. सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. दिसायला कमी येतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून दर वर्षी पडद्याचा फोटो काढून तपासावा असं डॉक्टर सांगतात. पण फोटो वाचणारे तज्ज्ञ कमी. थायलंडचं उदाहरण पुढे येणार आहे म्हणून तिथलाच आकडा देतो: मधुमेहाचे रुग्ण सुमारे ४५ लाख आणि दृष्टिपटलाचे तज्ज्ञ सुमारे २००. हे काम संगणकाने करावं असं वाटणं अगदी रास्त आहे.

२०१६ चा पेपर

वरुण गुलशन आणि त्यांच्या गुगलमधल्या सहकाऱ्यांचा हा पेपर २०१६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. अमेरिकेतून आणि भारतातल्या तीन नेत्ररुग्णालयांतून आलेले १,२८,१७५ फोटो वापरून त्यांनी अल्गोरिदमला शिकवलं. फोटो वाचणाऱ्यांमध्ये अमेरिकेतले ५४ नेत्रतज्ज्ञ आणि वरिष्ठ निवासी डॉक्टर होते, आणि प्रत्येक फोटो ३ ते ७ वेळा वाचला गेला. मग शिकवताना न वापरलेल्या दोन वेगळ्या संचांवर परीक्षा घेतली. मोठ्या संचात ९,९६३ फोटो होते.

निकाल झकास होता. एयूसी ०.९९१. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा आजार असलेला एक फोटो आणि नसलेला एक फोटो डोळे मिटून उचलला, तर आजार असलेल्या फोटोला अल्गोरिदम जास्त गुण देईल याची शक्यता म्हणजे एयूसी. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर. आजार सुटू नये अशा बेताने सीमा ठरवली, तर सेन्सिटिव्हिटी ९७.५ टक्के (आजार असलेल्यांतले इतके सापडले) आणि स्पेसिफिसिटी ९३.४ टक्के (आजार नसलेल्यांतले इतके बरोबर सोडून दिले).

हे सगळे आकडे सारांशात आहेत. माझ्या बावीस स्लाइडमध्येही हेच होते.

आता मॅडमचा प्रश्न. हे आकडे 'पूर्ण वाचता येण्याजोग्या' फोटोंवरचे आहेत. हे शब्द सारांशातच आहेत, कुणी लपवलेले नाहीत. अंधुक, काळवंडलेले, निम्मे कापले गेलेले फोटो या हिशेबात नाहीत, आणि ते हजाराहून जास्त आहेत. म्हणजे साधारण नऊ फोटोंमागे एक बाजूला गेला.

ते फोटो धरले तर काय होतं, हेही लेखकांनी काढलंय! पेपरच्या आत त्याची वेगळी आकृती आहे. 'फोटो वाचता येत नाही' हेही तज्ज्ञाकडे पाठवायचं एक कारण मानलं, तर एयूसी ०.९७४ येतो. सेन्सिटिव्हिटी ९६.७ टक्के राहते, पण स्पेसिफिसिटी ८४.० टक्क्यांवर उतरते. ज्यांना पाठवायची गरज नाही अशा शंभरांतले आधी सात जण उगाच पाठवले जात होते, आता सोळा. दुपटीहून जास्त.

इथे माझी टीका नेमकी कशावर आहे ते सांगतो. लेखकांनी काही दडवलं नाही, उलट काम प्रामाणिक आहे. दोन वेगळे संच घेतले, दोन वेगळ्या सीमांचे आकडे दिले, वाईट फोटोंचा हिशेबही मांडला. पण सारांशात कुठला आकडा जातो आणि आकृतीत कुठला राहतो, ही निवड असते. जगभर पसरला तो सारांशातला आकडा. आणि तो पसरवणाऱ्यांत मीही होतो, कारण त्या आकृतीपर्यंत मी पोचलोच नव्हतो.

वाईट फोटो कुणाचे असतात?

तुम्ही म्हणाल, वाईट फोटो काढून टाकले तर बिघडलं काय? परीक्षेत शाई सांडलेली उत्तरपत्रिका कोण तपासतं?

बिघडतं असं की शाई कुणाच्या कागदावर सांडते हे नशिबावर अवलंबून नाही. वय वाढलं की बाहुली लहान राहते. मोतीबिंदू असेल तर फोटो धुक्यातून काढल्यासारखा येतो. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाचा फोटो खराब येण्याची शक्यता जास्त, आणि पडदा खराब असण्याची शक्यताही त्याचीच जास्त. संख्याशास्त्र शिकलेल्यांनी 'मिसिंग नॉट अॅट रँडम' हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला असेल. त्याचा अर्थ हा: जे हिशेबातून गळतात तेच बऱ्याचदा सगळ्यात अडचणीत असतात.

माझ्या आत्याला शुगर आहे. तालुक्याच्या एका शिबिरात तिचा फोटो काढला आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, 'फोटो नीट नाही, जिल्ह्याला दाखवा.' जिल्ह्याला जायचं म्हणजे दोन एसट्या बदलायच्या, सोबत कुणीतरी हवं, आणि नेमकी सोयाबीनची काढणी चालू. ती गेली नाही. दीड वर्षाने डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले तेव्हा गेली. लेझर केलं. उजवा डोळा चांगला आहे, डाव्याने आता सुईत दोरा ओवता येत नाही. त्या शिबिराच्या अहवालात आत्या कुठल्या रकान्यात गेली असेल, हा विचार मला हा पेपर दुसऱ्यांदा वाचताना आला. पहिल्यांदा वाचताना आला नव्हता याची लाज वाटते.

थायलंडमधल्या खोल्या

२०२० मध्ये गुगलच्याच संशोधकांचा दुसरा पेपर सीएचआय परिषदेत आला. माणूस आणि संगणक यांच्या नात्यावरची ही मोठी परिषद. थायलंडच्या पथुम थानी आणि चियांग माई प्रांतांतल्या ११ दवाखान्यांत ही प्रणाली प्रत्यक्ष वापरली गेली, तेव्हा काय झालं याचं हे वर्णन आहे. पूर्वी नर्स फोटो काढून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवायच्या आणि उत्तराला काही वेळा १० आठवडे लागायचे. आता निकाल तिथल्या तिथे मिळणार होता.

पहिल्या सहा महिन्यांत १,८३८ फोटो प्रणालीत गेले. त्यातले ३९३ फोटो तिने वाचायलाच नकार दिला. म्हणजे २१ टक्के, पाचातला एक.

कारणं वाचली तर आपल्याकडच्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राची आठवण येते. अंधार करता येईल अशी वेगळी खोली बहुतेक ठिकाणी नव्हती. बाहुली मोठी करायचे थेंब घालत नव्हते. इंटरनेट हळू, त्यामुळे फोटो चढायला वेळ. एका ठिकाणी दोन तास नेट गेलं आणि २०० रुग्ण तपासायचे होते तिथे १००च झाले. नर्सना राग वेगळ्याच गोष्टीचा होता: थोडा अंधुक असला तरी ज्या फोटोत त्यांना स्वतःला आजार दिसत होता, तोही प्रणाली परत पाठवत होती. आणि ठरलेला नियम असा की फोटो वाचता आला नाही तर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने जायचं कसं? काही नर्स रुग्णांना या अभ्यासात भाग घेऊच नका असं सुचवायला लागल्या. माझ्या दृष्टीने त्या अगदी बरोबर होत्या.

हा पेपर मला २०१६ च्या पेपरइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्याच कंपनीच्या यंत्राच्या अडचणी नावानिशी लिहायला हिंमत लागते. शिवाय त्यांनी पुढे नियमही बदलला: वाचता न आलेला फोटो आधी तज्ज्ञाने रुग्णाच्या कागदपत्रांसह बघायचा, थेट पाठवणी नाही. त्याची कमतरता सांगायची तर ती अशी की ते ३९३ फोटो ज्यांचे होते त्या माणसांचं पुढे काय झालं, हे त्यात कळत नाही. किती जण रुग्णालयात पोचले? कुणाची नजर वाचली? निरीक्षणं आणि मुलाखतींच्या पद्धतीने या प्रश्नाचं उत्तर मिळणारही नव्हतं, पण वाचणाऱ्याला तो पडायला हवा.

मग यंत्र वाईट का?

नाही. इथे घाई करू नका. एक गाजलेला पेपर पाडला की आपण हुशार, असं पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वाटतं.

२०१९ मध्ये मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे ३,०४९ रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अरविंदमध्ये सेन्सिटिव्हिटी ८८.९ आणि स्पेसिफिसिटी ९२.२ टक्के, शंकर नेत्रालयात ९२.१ आणि ९५.२. सारांशातल्या ९७.५ पेक्षा कमी. पण तिथल्याच माणसांनी हाताने केलेल्या तपासणीशी तुलना केली तर यंत्र बरोबरीचं किंवा सरस निघालं. आणि तुलना त्याच्याशीच करायला हवी, कारण खेड्यातल्या रुग्णापुढे निवड असते ती यंत्र की नुसतीच वाट बघणं अशी.

२०२२ मध्ये थायलंडमधल्याच नऊ ठिकाणांचा अभ्यास 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये आला. ७,६५१ रुग्णांच्या विश्लेषणात, नजर जाण्याची भीती असलेला आजार ओळखण्याची सेन्सिटिव्हिटी ९१.४ टक्के, तज्ज्ञांच्या वाचनाची ८४.८ टक्के. यंत्राने माणसाला मागे टाकलं. पण त्याच सारांशात आणखी एक वाक्य आहे आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं: आजार, न वाचता येणारे फोटो किंवा कमी नजर, अशा सगळ्या कारणांनी मिळून २,४१२ रुग्णांना पुढे पाठवावं लागलं. ३१.५ टक्के, जवळजवळ तिघांतला एक. दवाखाना चालवणाऱ्याला हा आकडा हवा असतो. किती जणांना एसटीत बसवायचं आहे, हे यातून कळतं. २०१६ च्या सारांशात असा आकडा नव्हता. २०२२ च्या सारांशात तो आला. सहा वर्षांतली खरी प्रगती माझ्या मते यात आहे.

तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा वही काढा आणि निकालाच्या आधी एक ओळ लिहा: आले किती, मोजले किती, गळाले कुठे. बऱ्याच पेपरमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या पानावर याची आकृती असते. नसेल, तर तीच तुमची पहिली टीका. मग विचारा, गळालेले आणि राहिलेले एकसारखे आहेत का? त्यानंतर एयूसीकडे वळा.

माझंही कबूल करायचं राहिलं. मी रक्ताच्या स्लाइडचे सूक्ष्मदर्शकातले फोटो घेऊन काम करतो. त्या जर्नल क्लबनंतर खोलीवर येऊन मी माझाच डेटासेट उघडला. 'ब्लर' नावाचा एक फोल्डर होता. काम सुरू केल्या केल्या मीच तो बनवला होता, आणि त्याचा उल्लेख माझ्या सिनॉप्सिसमध्ये कुठेही नव्हता. ते फोटो परत आत घेतल्यावर अचूकतेचा आकडा चांगलाच खाली आला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता थिसिसचा एक चॅप्टर झाला बघ."

तो फोल्डर मी अजून डिलीट केलेला नाही. तुमच्या लॅपटॉपवरही असा एखादा फोल्डर असणार. उघडून बघा.