उपाहारगृहातील संदेशसाधन आणि त्याचा अभीष्ट ग्राहकवर्ग

उपाहारगृहातील सेवकवर्गाने पाळ्यांची अदलाबदल, संपलेल्या पदार्थांची सूचना, कामाची वाटणी इत्यादी व्यवहार भ्रमणध्वनीवरून करावेत, या हेतूने तयार केलेली साधने आज विक्रीस आहेत. असे साधन कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आकड्यांनी दिले जाते : टेबले किती, शाखा किती, नोकर किती, शहर केवढे. ही पद्धती सोयीची आहे. परंतु ती प्रश्नाच्या गाभ्याला स्पर्श करीत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या आकड्यांवरून साधनाची किंमत कोणास परवडेल हे कळते. त्याची गरज कोणास आहे, हे कळत नाही.

बाजारपेठेच्या विभाजनाची कल्पना वेंडेल स्मिथ यांनी १९५६ साली मांडली. वरून एकसंध भासणारी मागणी वस्तुतः भिन्न गरजांच्या लहान लहान गटांची बनलेली असते, हे त्या विवेचनाचे सार होय. म्हणजे विभाजनाचा पाया गरज हा आहे. टेबलांची संख्या ही गरजेची खूण ठरू शकेल. पण ती तशी ठरते की नाही हे तपासून पाहिले पाहिजे, गृहीत धरता येणार नाही.

हे तपासण्यासाठी विल्यम फूट व्हाइट यांच्या अभ्यासाइतके उपयुक्त साहित्य क्वचितच आढळेल. शिकागोतील उपाहारगृहांचे निरीक्षण करून त्यांनी १९४८ साली ग्रंथ व १९४९ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. प्रारंभी मालक व त्याचे दोन-चार सोबती सर्वच कामे करतात. धंदा वाढला की आचारी, वाढपी, भांडी घासणारे असे विभाग पडतात. पुढे त्यांच्यावर देखरेख करणारे येतात, आणि मालकाचा नोकरांशी व गिऱ्हाइकांशी असलेला प्रत्यक्ष संबंध तुटत जातो, असा वाढीचा क्रम त्यांनी दाखविला. गिऱ्हाइकाची घाई वाढणाऱ्या स्त्रीमार्फत मुदपाकखान्याच्या फळीपर्यंत पोचते. तेथे कनिष्ठ मानल्या गेलेल्या व्यक्तीने वरिष्ठ मानल्या गेलेल्या पुरुषास तोंडी हुकूम सोडावयाचा, असा प्रसंग उत्पन्न होतो. आणि कलहाचे मूळ तेथे असते. जेथे मागणी चिठ्ठीवर लिहून खिळ्यास टोचण्याची रीत होती, तेथे हा ताण पुष्कळच कमी दिसला.

इलायस पोर्टर यांनी १९६२ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधील एका लेखात या खिळ्याचेच रूपक घेतले. खिळा मागणी लक्षात ठेवतो, गर्दीच्या वेळी तिची रांग लावतो, आणि चूक कोणाची हे मागाहून तपासू देतो. व्हाइट यांना त्यात मानापमानाचा उपाय दिसला, पोर्टर यांना स्मरणाचा व क्रमाचा. दोन्ही दृष्टी एकत्र केल्या म्हणजे खिळ्याचे खरे वैशिष्ट्य ध्यानात येते : तो सांगणाऱ्याचा आवाज आवरतो आणि ऐकणाऱ्यास आपल्या कामाचा क्रम ठरविण्याची थोडी मोकळीक देतो.

यावरून गरजेची कसोटी निघते. निरोप किती हातांतून जातो, त्यातील मजकूर किती वेळा बदलतो, आणि सांगणारा व ऐकणारा एकमेकांस पाहू शकतात काय, हे तीन प्रश्न विचारावेत. माटुंग्यास १९४२ पासून चालत आलेल्या रामा नायक यांच्या बोर्डिंगसारख्या ठिकाणी पंगतीमागून पंगत उठते. पण जेवण ठरलेले असल्यामुळे वाढप्याने आचाऱ्यास सांगावयाचे फारच थोडे उरते. उलट दहा टेबलांच्या, परंतु शेकडो पदार्थांची यादी बाळगणाऱ्या भोजनगृहात क्षणोक्षणी निरोप जातात व चुकतात. टेबले मोजणारा पहिल्यास मोठा ग्राहक समजेल व दुसऱ्यास वगळील. दोन्ही निर्णय चुकीचे ठरतील.

यावर असा आक्षेप संभवतो की, टेबले बाहेरून मोजता येतात, निरोपाचे हात मोजता येत नाहीत. तो अंशतः खरा आहे. तथापि पदार्थांची यादी, पाळ्यांची संख्या, आणि मुदपाकखाना व बैठक यांमधील भिंत या तिन्ही गोष्टी तासाभराच्या निरीक्षणाने कळतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्हाइट यांचे निष्कर्ष शिकागोतील स्त्री-पुरुषसंबंधांवर आधारलेले आहेत. मुंबईत वाढपी बहुधा पुरुष असतात, आणि कन्नड, हिंदी, नेपाळी, मराठी अशा अनेक भाषा एकाच छताखाली नांदतात. येथे लिखित निरोपच अडचण ठरू शकेल. म्हणून भाषा व साक्षरता हा चौथा प्रश्न आपल्याकडे जोडावा लागेल.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ग्राहक कोणास म्हणावे, हा आहे. साधन विकत घेतो मालक, वापरतो नोकर. तेही बहुधा स्वतःच्या यंत्रावर. मालकाची सोय तेवढी पाहिली, तर ते साधन नोकराच्या विश्रांतीच्या वेळेत हुकूम पोचविणारी नळी बनते, आणि नोकर ते मनोमन नाकारतो. मग निरोप असतात, पण कोणी वाचीत नाही. खिळ्याने जे साधले त्याच्या नेमके उलट येथे घडते. वापरणाऱ्यास वगळून केलेली बाजारपेठेची व्याख्या अन्यायाची तर आहेच, पण व्यापारदृष्ट्याही ती फसवी आहे.

तात्पर्य, अभीष्ट ग्राहकवर्ग दोन्ही टोकांस शोधू नये. एकट्या मालकाच्या दुकानात हाक पुरते; मोठ्या शाखासमूहांत देखरेखीची यंत्रणा आधीच उभी असते. ज्या मध्यम भोजनगृहाच्या मालकास गल्ल्यावर बसून मुदपाकखाना व बैठक एकाच वेळी दिसेनाशी झाली आहे, पण ज्याने अद्याप मध्यस्थ नेमलेला नाही, त्याला या साधनाची खरी गरज आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या संशोधकाने प्रथम मालकाशी नव्हे, तर फळीच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या माणसांशी बोलावे.