मुका नायक, बोलकी वस्ती

विज्ञानपटांतील उद्याचे जग बहुधा यंत्रांनी उजळलेले असते. त्या उजेडासाठी कोण राबतो, हे सहसा दाखवले जात नाही. जॉन सेल्स यांचा १९८४ सालचा ‘द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट’ हा अमेरिकन चित्रपट राबणाऱ्यापासूनच सुरू होतो. नायक परग्रहावरून पळालेला गुलाम आहे. कातडी काळी, पायाला तीन बोटे, वाचा नाही. त्याचे यान न्यूयॉर्कच्या एलिस बेटापाशी कोसळते. १८९२ ते १९५४ या काळात युरोपातील लक्षावधी स्थलांतरित याच दारातून अमेरिकेत शिरले. आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्यांसाठी असे दार नव्हते. गुलामाला या दारात उतरवून सेल्स इतिहासालाच जाब विचारतात.

पुढे तो हार्लेममध्ये पोचतो. तेथील बारमधली माणसे त्याची थट्टा करतात, पण त्याला हाकलत नाहीत. निवारा मिळतो, काम मिळते. त्याला पकडायला आलेल्या दोन गोऱ्या शिकाऱ्यांना ही वस्ती दाद देत नाही. चित्रपटाचा आशावाद येथे आहे. आकाशातून कोणी तारणहार उतरत नाही. आकाशातून पळून आलेल्यालाच वस्ती तारते. हा आशावाद भाबडाही नाही. मादक द्रव्याने मेलेल्या पोराचा माग काढत नायक गल्लीतून थेट गोऱ्या धनिकाच्या कचेरीपर्यंत जातो.

जो मॉर्टन यांना एकही संवाद नाही. डोळे, मान आणि हात एवढ्यांवर ते भय, कुतूहल व संताप उभे करतात. संग्रहालयात पळालेल्या गुलामाचे चित्र दिसताच ते शेजारच्या मुलाला स्वतःकडे बोट करून दाखवतात. त्या खुणेत कीव मागणे नाही, ओळख सांगणे आहे.

तरीही प्रश्न उरतो. गोऱ्या लेखक-दिग्दर्शकाने काळ्या नायकाला हाताच्या स्पर्शाने यंत्रे दुरुस्त करण्याची शक्ती दिली. वाचा मात्र दिली नाही. ‘ब्लॅक पँथर’वरून १९७२ साली नाव घेणाऱ्या दलित पँथरच्या पिढीला हे खटकेलच. आपल्या वतीने दुसऱ्याने बोलणे आणि आपण बोलणे यांतील अंतर दलित साहित्याने स्वतःच्या अनुभवाने मोजले आहे. सेल्स यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की नायक मुका असला तरी हार्लेम अखंड बोलते, आणि स्वतःच्या ढंगात बोलते.

मॉर्टन यांनी मौनाला विचाराची प्रतिष्ठा दिली, हे त्यांचे श्रेय. ते मौन फोडणे ही मात्र दिग्दर्शकाची जबाबदारी होती. ती या चांगल्या चित्रपटातही अपुरी राहिली आहे.