हौसेची पोथी : स्वयंप्रकाशित ई-पुस्तकांचे एक वाचन

मारेगावात राहून कथासंग्रह विकत घ्यायचा तर वणी किंवा यवतमाळ गाठावे लागते. लिहिलेला संग्रह विकणे त्याहून अवघड. माझ्या पहिल्या संग्रहाच्या तीनशे प्रती एका प्रकाशकाने माझ्याच पैशाने छापल्या आणि माझ्याच घरी आणून टाकल्या. निम्म्याहून अधिक अजून दिवाणात आहेत. म्हणून दुसरा संग्रह मी ई-पुस्तक म्हणून स्वतः काढला. त्या निमित्ताने माझ्यासारख्याच नोकरी, शेती, दुकान सांभाळून लिहिणाऱ्यांची ई-पुस्तके मी गेली दोन-तीन वर्षे जमतील तेवढी वाचत आलो. त्या वाचनातून हाती आलेले येथे मांडतो. मी या प्रकरणात तटस्थ नाही, पक्षकार आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

‘हौशी’ या शब्दाचे दोन भाव

मराठीत ‘हौशी रंगभूमी’ म्हटले की आदर वाटतो. राज्य नाट्य स्पर्धेने हौशी नटांतून किती तरी मोठे रंगकर्मी दिले. आमच्याकडे वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात शिरले की झाडीपट्टीचे नाटक सुरू होते. तिथे आज व्यवसाय उभा असला तरी त्याचे मूळ गावाच्या हौसेतच आहे. मात्र ‘हौशी लेखक’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या ओठावर हसू येते. एकाच विशेषणाला दोन ठिकाणी दोन भाव का?

स्वतःचे पुस्तक स्वतः काढणे हे त्याचे कारण नाही. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ स्वतःच प्रसिद्ध केली. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढले. पुढे साठच्या दशकात अशा अनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांना वळसा घालून मराठी कविता बदलली. यांतल्या कोणाला ‘पदरमोड करून छापले’ म्हणून कोणी हसत नाही.

फरक तालमीत आहे, असे माझे मत झाले आहे. हौशी नाटकाला पैसा नसतो, पण दिग्दर्शक असतो. महिनाभर रात्री तालीम चालते, सहकलाकार चुका काढतात, आणि प्रयोगात तिसऱ्या रांगेतला माणूस खोकला तरी नटाला कळते की प्रवेश लांबला. ‘शब्द’भोवतीही एकमेकांच्या ओळी निर्दयपणे तपासणारे मित्र होते. आजचा हौशी ई-लेखक रात्री अकराला फाइल चढवतो आणि पुस्तक एकदोन दिवसांत, कधी काही तासांत विक्रीला लागते. मधली तालीम गळून पडली आहे.

पुस्तके कशी आहेत

वाचलेल्या पुस्तकांतली सर्वांत जिवंत पाने बहुतेक वेळा लेखकाच्या कामातून आलेली असतात. कोळसा खाणीतली पाळी, जिनिंगमधला हंगाम, पतसंस्थेची वसुली, आश्रमशाळेतले वसतिगृह यांविषयी हा लेखक लिहितो तेव्हा त्याला अलंकार लागत नाही. व्यावसायिक लेखकाला मुद्दाम जाऊन गोळा करावा लागणारा तपशील याच्या रोजच्या अंगावरचा असतो. ही या साहित्याची मिळकत आहे, आणि समीक्षेने ती अजून मोजलेली नाही.

पण हाच लेखक पुढच्या प्रकरणात आपले काम सोडून ‘साहित्य’ लिहू लागतो. मग पावसाळी संध्याकाळ येते, पुण्या-मुंबईतली सदनिका येते, आणि शेवटच्या ओळीत धक्का येतो. या घसरणीला बाजाराची रचनाही जबाबदार आहे. किंडल अनलिमिटेड या वर्गणी योजनेत २०१५ पासून लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांनुसार मोबदला मिळतो. प्रतिलिपीसारख्या मंचावर कथा भागाभागाने चालते. दोन्हीकडे वाचक पुढच्या पानावर गेला पाहिजे, हीच गरज. तीन पानांत संपणारी, संपल्यावर मनात राहणारी कथा या हिशेबात तोट्याची ठरते. लांबण लावणे हा जुना दोष आता मोबदल्याच्या सूत्रातच बसला आहे.

सालदाराचा सरदार

भाषेचा प्रश्न मला जास्त जवळचा. संपादक नसल्याचा एक फायदा बोलीला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. पहिल्या संग्रहात प्रकाशकाच्या मुद्रितशोधकाने माझ्या पात्रांची वऱ्हाडी ‘शुद्ध’ करून दिली होती. ई-पुस्तकात तो नव्हता. त्याच्या जागी मोबाइलचा कळफलक होता, आणि तो अधिक कडक निघाला. ‘मले’चे ‘मला’ झाले, ‘तुले’चे ‘तुला’. ‘पराटी’ची एका ठिकाणी ‘मराठी’ झाली, त्यामुळे माझा शेतकरी हंगामाअखेरीस वावरातली मराठी उपटू लागला. सालदाराचा सरदार झाला.

हे मला दिसले नाही. भाच्याने मोबाइलवरून माझ्या आईला कथा वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, “काहून रे, आपल्या वावरात सरदार कवा होता?”

यंत्राची सूचना बहुसंख्यांच्या भाषेतून येते, म्हणून ती प्रत्येक बोलीला प्रमाण भाषेकडे ढकलते. संपादकाशी भांडता येते. कळफलकाशी भांडण लागल्याचे लक्षातच येत नाही. वाचलेल्या अनेक पुस्तकांत एकच पात्र एका पानावर ‘काहून’ आणि पुढच्या पानावर ‘कशासाठी’ म्हणते. ही लेखकाची शैली समजून तिच्यावर टीका करण्यापूर्वी समीक्षकाने कळफलकाचा हात तपासावा. मात्र शेवटची जबाबदारी लेखकाचीच, कारण मुखपृष्ठावर नाव त्याचे असते.

सत्तर टक्के आणि गावचे वाचक

किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे येऊ लागली. स्वामित्वधनाचे दोन दर आहेत, पस्तीस आणि सत्तर टक्के. छापील पुस्तकावर मिळणाऱ्या, बहुधा न मिळणाऱ्या, मानधनापुढे दोन्ही उदार वाटतात. परंतु भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के हवे असतील तर पुस्तक एका खास योजनेत घालावे लागते, आणि त्या योजनेत नव्वद दिवसांच्या मुदतीत ते डिजिटल रूपात अन्यत्र कुठेही देता येत नाही. गावच्या व्हॉट्सअॅप गटावर फुकट पीडीएफ टाकणेही त्यात आले.

माझे खरे वाचक त्या गटावर होते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापैकी कोणी कार्डाने पुस्तक विकत घेणार नव्हते. उलट ठाण्याच्या ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ने मराठी पीडीएफ पुस्तके विनामूल्य घरोघर पोचवण्याचा मार्ग आधीच दाखवला होता. दोन मुदती मी सत्तर टक्क्यांच्या मोहात घालवल्या, मग योजनेतून बाहेर पडून पीडीएफ गटावर टाकली. आईने ऐकली ती कथा या पीडीएफमधली.

शासनाच्या दप्तरीही असे पुस्तक दुय्यमच आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. जुलै २०१८ मध्ये ई-पुस्तकांवरचा कर पाच टक्के झाला, पण ज्यांची छापील आवृत्ती आहे त्यांच्यापुरताच. केवळ ई-रूपात असलेल्या पुस्तकावर तो अठरा टक्के राहिला. म्हणजे छपाईला पैसे नाहीत म्हणून ज्याने ई-पुस्तक काढले, त्याच्याच पुस्तकावर चढा कर.

पोथी आणि फाइल

यवतमाळच्या माणसाने या विषयावर लिहिताना यशवंत खुशाल देशपांडे यांना विसरता येत नाही. वऱ्हाडात महानुभावांनी शतकानुशतके जपलेल्या, सांकेतिक लिपीत झाकलेल्या पोथ्यांचा त्यांनी अभ्यास केला, यवतमाळच्या शारदाश्रमात हस्तलिखिते जमवली आणि १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘लीळाचरित्र’ आज अनेक पाठांत उपलब्ध आहे, कारण मूळ प्रत हरपल्यावर ते स्मरणातून पुन्हा सिद्ध झाले, अशी परंपरा सांगते. पाठभेदांमुळेच अभ्यासकाला ग्रंथाचा प्रवास कळतो.

ई-पुस्तकाला पाठभेद उरत नाहीत. सरदाराचा पुन्हा सालदार करायला मला दोन मिनिटे लागली, आणि जुन्या पाठाचा मागमूस दुकानात राहिला नाही. त्याचा मला आनंदच झाला. पण उद्या कोणी वऱ्हाडी लेखनावर यंत्राचा परिणाम अभ्यासू लागला तर त्याच्यासाठी मी पुरावा पुसला. लेखकाचे खाते बंद झाले तर पुस्तकच विक्रीतून जाईल. १९५४ च्या कायद्यामुळे छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ठिकाणी जातात. तो कायदा छापील ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवून झालेला आहे. हौशी लेखक आयएसबीएनसुद्धा घेत नाही, कारण दुकान स्वतःचा क्रमांक देते. वास्तविक दिल्लीतील राजा राममोहन राय यांच्या नावाची संस्था तो विनाशुल्क देते.

हे सारे साहित्य उत्तम आहे असा माझा दावा नाही. बरेचसे कच्चे आहे. पण मारेगाव, झरी, पांढरकवडा या पट्ट्यातले जगणे आज कुठे लिहिले जात असेल तर बरेचसे याच फायलींत. शारदाश्रमाने पोथ्या जमवल्या, तशा या फायली कोणी तरी तारखेनिशी जमवायला हव्यात. जिल्ह्यातल्या मराठी विभागांना हे काम एका संगणकावर करता येईल.

लेखकाने करायचे ते मी सुरू केले आहे. तिसऱ्या संग्रहाची प्रत्येक कथा चढवण्याआधी घरच्या ओट्यावर मोठ्याने वाचली जाते. आई, भाचा, एक निवृत्त शिक्षक आणि शेजारचे एक सालदार ऐकायला असतात. गेल्या महिन्यात त्या सालदारांनी एक कथा मधेच थांबवली. पोळ्याच्या दिवशी बैल जुंपलेला त्यांना चालेना. ते पान मी रद्द केले. जुनी प्रत तारीख घालून ठेवली आहे.