भातवडीचें श्रेय व शिवभारताचा पुरावा

कवीन्द्र परमानन्द नेवाशाचा; भातवडीचें रणक्षेत्रहि त्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतलें. म्हणून इ. स. १६२४ च्या या लढाईविषयीं त्याचें ‘शिवभारत’ पुष्कळांस निर्णायक वाटतें. मोगल व आदिलशाही फौजांचा तेथें मोड झाला, शहाजीराजांचे बंधु शरीफजी पडले, हें खरेंच. परंतु ग्रंथ शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून, बऱ्याच वर्षांनीं रचलेला. त्यांत भोसल्यांचा पराक्रम पुढें व मलिक अंबराचें सेनापतित्व मागें राहावें, हें स्वाभाविकच. १६०० सालीं नगरचा किल्ला पडल्यावर निजामशाही पुढें सव्वीस वर्षें तगविली ती अंबरानें. १६२६ त तो वारला, तेव्हां जहांगिराच्या पदरच्या मोतमदखानानें ‘इक्बालनाम्यां’त त्याच्या गनिमी युद्धाची व कारभाराची मुक्तकंठानें स्तुति केली. आश्रिताच्या गौरवाहून शत्रूची कबुली आम्हांस अधिक वजनाची वाटते. डेनांशीं झुंजलेल्या आल्फ्रेड राजाचें चरित्र त्याच्याच दरबारच्या ॲसरनें लिहिलें. तें वाचतांना पंडित जी सावधगिरी बाळगतात, तीच येथें हवी. शरीफजींच्या मृत्यूपुरतें शिवभारत ग्राह्य धरावें. अंबराची योग्यता मात्र फारसी तवारिखा ताडून ठरवावी, असें आमचें मत आहे.