क्रिस्तपुराण: श्रद्धेची एकी आणि भाषेची एकी

इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाचे खरे बळ उपदेशात नाही, ते ओवीत आहे. स्वर्गाला कवी वैकुंठ म्हणतो, ग्रंथाला पुराण! नव्या धर्मात आलेल्यांना ओळखीची भाषा मिळाली. मात्र याच साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. ती गमावलेल्यांसाठी ही ओवी नव्हती. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषाच सोडण्याचा हुकूम काढला, आणि तोही आपल्याच धर्मबांधवांना. बंगळुरातही चर्चमधली प्रार्थना कन्नडमध्ये की तमिळमध्ये, यावरून तंटे झालेच. स्टीफन्सना हा प्रश्न आधीच कळला होता, असे मला वाटते.