स्मरणिकेचा समास

धर्मग्रामाचा महोत्सव जवळ आला की मंडप, मिस्सा आणि सहभोजन यांच्याबरोबर स्मरणिकेचीही सिद्धता सुरू होते. या प्रकाशनाकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत नाही. ते चाळले जाते, आपले छायाचित्र शोधले जाते आणि मग ते कपाटात जाते.

आम्ही अशा अनेक स्मरणिका वाचल्या. आरंभी शुभसंदेश, मग धर्मगुरूंची कालानुक्रमे यादी, इमारतीचा इतिहास आणि अखेरीस जाहिराती. (जाहिरातींतली भाषा पुष्कळदा अधिक जिवंत असते!) मधल्या गद्यात कर्ताच सापडत नाही. ‘मंदिर बांधण्यात आले’, ‘शाळा सुरू करण्यात आली’. विटा कोणी वाहिल्या, त्या बायांना मजुरी मिळाली की त्यांनी श्रमदान केले, हे विचारू नये. गौरवाला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो या कर्मणी प्रयोगाला, कारण त्यात माणसे नाहीशी होतात.

नागपूरपुरते बोलायचे तर येथे सांगण्याजोगे थोडे नाही. कामठीची छावणी १८२१ मधली, तीत मद्रासी पलटणी. सावॉयमधील आनसी येथून संत फ्रान्सिस द साल यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे मिशनरी १८४५ मध्ये भारतात आले व पुढे या भागात कार्य करू लागले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला, आलेक्सी रिकाझ हे त्याचे पहिले बिशप. फ्रेंच बोलणारे धर्मगुरू, दक्षिणेकडून आलेली कुटुंबे, वेदीवर लॅटिन आणि बाहेर बाजारात मराठी-हिंदी! अशा ठिकाणी माणूस पापनिवेदन कोणत्या भाषेत करीत असेल? एवढ्या एका प्रश्नावर स्मरणिकेचे प्रकरण उभे राहिले असते. मराठीचा देवळात प्रवेश हा विषय तर आम्हांस कोठेच नीट हाताळलेला दिसला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, परंतु आठवण कशी लिहावी हे त्यांच्याकडूनच शिकावे. धर्मांतरासारखी घटनाही तेथे स्वयंपाकघर, प्रवास, रुसवे आणि हसू यांच्यामधून येते. त्या कोणाला मोठे करीत नाहीत, म्हणूनच माणसे मोठी दिसतात.

सामग्री नाही, असे संपादक मंडळ म्हणते. आम्ही त्यांना स्नानसंस्काराची नोंदवही उघडण्यास सांगू. बालकाचे नाव, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता. धर्ममातापित्यांचा रकाना ओळीने वाचला तर कोणते घर कोणाच्या भरवशावर उभे होते, कोणती परकी कुटुंबे कधी आप्त झाली, हे कळू लागते. समासात पुढे दृढीकरणाची व विवाहाची टीप येते. विवाह अन्यत्र झाला तरी त्याची सूचना स्नानसंस्कार झालेल्या धर्मग्रामाकडे पाठवावी, असा धर्मसभेचा नियम आहे.

बेसा, मनीषनगर या बाजूस शेतांच्या जागी इमारती झाल्या आणि जुन्या धर्मग्रामांतली तरुण कुटुंबेही नव्या वस्त्यांत येऊन राहिली. त्यांचा पत्ता बदलला, पण नोंद जुन्या देवळातच आहे. महोत्सवाच्या निमंत्रणाच्या यादीत मात्र ती नसतात, कारण यादी हद्दीवरून होते.

धर्मप्रांताला १२५ वर्षे झाली ती २०१२ मध्ये. दीडशेवे वर्ष २०३७ मध्ये येईल. १९६५ च्या सुमारास, द्वितीय व्हॅटिकन परिषद संपली तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते ते त्या वर्षी सत्त्याऐंशी वर्षांचे असतील. लॅटिन मिस्सा आणि नंतरची पहिली लोकभाषेतली मिस्सा, दोन्ही कानांनी ऐकलेली ही शेवटची पिढी. स्मरणिकेची समिती तेव्हा नेमली जाईल. या मंडळींकडे वही घेऊन कोणीतरी आत्ताच, एखाद्या रविवारी दुपारी, जाऊन बसायला हवे; आणि पहिला प्रश्न धर्मगुरूंविषयी नको, तुमची धर्ममाता कोण होती, असा विचारावा.