संस्कार कुणाचे, लाज कुणाची?

मराठी समीक्षेला 'संस्कार' हा शब्द फार प्रिय. घर चांगलं, आई चांगली, सोबत चांगली, की पोराचं मन आपोआप घडतं, असा तिचा हिशेब. साने गुरुजींची 'श्यामची आई' हा त्याचा नमुना. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. त्यात एका महार म्हातारीला मोळी उचलू लागायला आई श्यामला पाठवते. श्याम करुणा शिकतो. गुरुजींच्या मनात खोट नव्हती; १९४७ साली पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून ते उपोषणाला बसले. पण आमचा सवाल त्या म्हातारीचा आहे. मोळी घेऊन ती घरी गेली, तेव्हा तिचा नातू काय शिकला?

याचं उत्तर दलित आत्मकथनांनी दिलं. शरणकुमार लिंबाळेंच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बाप पाटील आहे, पण पोराला नाव द्यायला तयार नाही. शाळेत बापाचं नाव काय लावायचं, हाच सवाल होऊन बसतो. पोराला माया लावतो तो आजीसोबत राहणारा दादा, महमूद दस्तगीर जमादार, स्टँडवरचा हमाल. रक्त एक नाही, धर्म एक नाही. संस्काराच्या कोणत्या रकान्यात बसवाल हा माणूस?

बेबीताई कांबळे 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) आणखी पुढं जातात. सासू सुनेला छळते, हे त्या झाकत नाहीत. गावानं माथी मारलं तेच घरातल्या दुबळ्यावर उतरतं. आपल्या पुष्कळ लेखकांनी मायला देव्हाऱ्यात बसवलं. तिथून तिला खाली उतरवल्याबिगर तिचं भेव कळणार नाही. 'मान खाली घाल, गप बस' असं ती सांगायची, ते पोरगं जिवंत राहावं म्हणून.

ती मान वर करायला शिकवलं दोस्तांनी. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारात, तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद कॉलेजच्या होस्टेलात पोरं एकत्र राहिली. आपली एकट्याची म्हणून दडवलेली लाज शेजारच्या खाटेवरही आहे, हे तिथं कळलं. मग तिचा राग झाला. १९७२ ची दलित पँथर आभाळातून पडली नाही. आपली समीक्षा भूक मोजते, अत्याचार मोजते. ही दोस्ती तिच्या हिशेबात येत नाही.

आता आमच्या अहेरीकडं या. भामरागड, एटापल्लीकडचं माडिया पोट्टं सहा-सात वर्षांचं झालं की आश्रमशाळेत येते. घरची बोली घरी राहते, हाती मराठी पुस्तक. माय दूर, गोटुलही दूर. जिथं गाव बसून बोलतं, जाणत्यांचं पाहून लहान शिकतात. रात्री ताप चढला तर कपाळावर हात ठेवते ते बाजूचं पोट्टं, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठं. तेच माय, तेच बाप, तेच दोस्त. आणि बाहेरचा माणूस येऊन म्हणतो, यांच्यावर संस्कार नाहीत!

हे पोट्टं उद्या लिहील. त्याचं पुस्तक हाती आलं की भूक किती सोसली एवढंच विचारू नका. माया कोणी लावली, भेव कोणी घातलं, नि कोणत्या बोलीत, ते विचारा. माडियातला शब्द अडला तर त्याला दोष देऊ नका. तो शब्द शिका.